श्वासबिळांचं रान

या, इकडे सरकून बसा. चुलीची धग जमिनीखालून जाते, त्या अंगाला ती जास्त गरम असते. वीज यायची तेव्हा येईल. बर्फ पडला की आमच्या हानमोतमधली वीज रुसून बसते. दिवा पुरेसा आहे. आणि संत्री घ्या, लाजू नका. बागेतली शेवटची आहेत, सालं सुरकुतली असली तरी आत साखर आहे.

उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर रानाच्या पाळीवर येणार म्हणालात, म्हणून एक गोष्ट आजच सांगून ठेवते. रानात एकमेकांना मोठ्यानं हाका मारायच्या नाहीत. वाट चुकली असं वाटलं तर जागच्या जागी खाली बसायचं आणि वाट बघायची. नुसता नियम सांगितला की पाहुणे मान डोलावतात आणि विसरतात. त्यामुळे मी आता जे झालं तेच सांगते.

माझा जिन्हो तेव्हा शाळेत जायचा. आता त्यालाच लेक झालीय. त्या हिवाळ्यात, जुन्या पंचांगाचं नवीन वर्ष तोंडावर आलेलं असताना, एका संध्याकाळी पाळीची फळी आमच्या दारावर आली. येताना फाटकाशी पाहिलीत ना? हातभर लांबीची, धुरानं काळी पडलेली. ज्याच्या दारावर फळी, त्या घरातल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी रानात फेरी मारायची. हरणांसाठी कुणी तारेचे फासे लावले असतील तर ते सोडवायचे. शहरातल्या बागांसाठी कुणी दगड नाही तर झाडं उपटून नेत असेल तर त्याला अडवायचं. रानातल्या तळ्यात काही पडलं असेल तर काढायचं. आणि संध्याकाळी फळी शेजारच्या दारावर लावून यायची. याचा मोबदला मिळत नाही. चुकवलं तर दंड नाही. कुणी साहेब तपासायला येत नाही. तरी मी लग्न होऊन इथं आल्यापासून ती फळी कुणाच्या दारावर अडकून पडलेली पाहिलेली नाही. घरात मयत झाली तरी शेजारी येतात, न बोलता फळी उचलतात आणि आपल्या दारावर टांगतात.

मी समुद्रकाठची. माझी आई पाण्यात बुड्या मारून शिंपले काढायची. मला हे वरचं रान सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. तिथं माती नाही हो. कधी काळी डोंगरातून वाहत आलेला तापलेला दगड थंड होऊन फुटला, त्याचे काळे ढीग झाले आणि त्या ढिगांवरच झाडं उगवली. मुळं दगडांना विळखे घालून बसलीत. पाय ठेवाल तिथं फट, आणि फटीखाली केवढी पोकळी आहे ते कुणालाच ठाऊक नाही. त्यातून जागोजाग श्वासबिळं. उन्हाळ्यात त्यांच्यावर हात धरलात तर गार वारा लागतो आणि हिवाळ्यात ऊबदार वाफ. सगळीकडे बर्फ असतो, पण बिळाच्या तोंडाशी नेचे हिरवेगार. पहिल्यांदा हात धरला तेव्हा मी दचकून मागं घेतला होता. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी हात नेल्यावर लागतो ना, अगदी तसा श्वास होता तो.

तर ती फळी आली त्या संध्याकाळी आमच्या घरात भांडण चाललेलं होतं. एका मोठ्या कंपनीला ते रान हवं होतं. गोल्फचं मैदान, हॉटेल, तलाव, असं बरंच काही तिथं होणार होतं. कंपनीचे मुन साहेब शरद ऋतूपासून घरोघर फिरत होते. माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ स्वतः लोटायचा. येताना प्रत्येक घरी नासपत्यांची पेटी आणायचा. रान गावाच्या सामाईक मालकीचं, तेव्हा निर्णय गावसभेत व्हायचा होता, आणि ती सभा चार दिवसांवर आली होती.

माझे यजमान विकायच्या बाजूचे. खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच बाजूची होते. गावातली पोरं एकेक करून शहरात चालली होती. हॉटेल झालं तर जिन्हो इथंच राहील, एवढाच माझा हिशेब.

आणि विरुद्ध बाजूला यजमानांची आत्या. तिचं नाव चुनह्वा, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. सत्तरीच्या आसपासची, लहानखुरी, पाठीत वाकलेली, आणि जीभ कोयत्यासारखी. एकटी राहायची आणि जेवायला आमच्याकडे यायची.

"आत्या, मला एवढंच सांग," यजमान म्हणाले, "त्या रानात पिकतं काय? दगड!"

"तुझ्या डोक्यात तरी दुसरं काय पिकलंय?" आत्याबाई म्हणाल्या आणि मुन साहेबांच्या पेटीतली नासपती सोलायला घेतली. "नासपती मात्र गोड आहे हो त्याची. त्याला म्हणावं, आणत जा."

"त्याची नासपती खातेस आणि त्यालाच नाही म्हणतेस?"

"नाही म्हणायलाही ताकद लागते की, संगू. म्हणून खाते."

मला हसू आलं. यजमान चिडून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना संत्र्यांच्या पेट्या बंदरावर पोचवायच्या होत्या, तेव्हा पाळीवर मी आणि आत्याबाई जाणार हे ठरलं. रात्रभर बर्फ पडला.

सकाळी निघालो तेव्हा बर्फ थांबला होता, पण धुकं उतरलं होतं. आमच्याकडचं धुकं पांढरं नसतं, ते राखाडी असतं, आणि त्याला ओल्या दगडाचा वास येतो. माझ्या पिशवीत राळ्याचे उकडलेले गोळे आणि सातूचं गरम पाणी होतं. आत्याबाईंच्या कमरेला कोयता आणि दोराचं भेंडोळं. रस्ता जिथं रानाला लागतो तिथं एक गाडी उभी होती. बर्फाखाली पुरती झाकलेली. आत्याबाईंनी बाहीनं काच पुसली. आत, मागच्या सीटवर नासपत्यांच्या पेट्या होत्या.

"मुन साहेबांची," मी म्हणाले. "गाडी टाकून गेले वाटतं कुणाच्या तरी घरी."

आत्याबाई खाली वाकून बघत होत्या. गाडीभोवती एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. म्हणजे गाडी बर्फ पडायच्या आधीपासून तिथं होती. आणि पलीकडे, झाडांच्या कडेला, बर्फातून एक काठी वर आलेली होती. तिला लाल फीत बांधलेली.

"मापं घ्यायला आत गेलाय," आत्याबाई म्हणाल्या. "काल. एकटा."

सबंध रात्र... त्या थंडीत! मी यजमानांना फोन लावला. ते म्हणाले, माणसं घेऊन येतो, पण बंदराचा रस्ता बर्फानं अडलाय, वेळ लागेल. तुम्ही आत शिरू नका. मी तसं आत्याबाईंना सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि सरळ आत शिरल्या.

तुम्ही उद्या बघालच, त्या रानात शिरलं की बाहेरचा आवाज दार लावल्यासारखा बंद होतो. वरती झाडं बारमाही हिरवी, पानांवर बर्फ, आणि मधेच एखादी फांदी भार टाकते तेव्हा धप्प होतं. तेवढंच. आम्ही फितींच्या मागोमाग जात होतो. एक काठी, पुढे दुसरी, मग तिसरी. मी चिडून एक उपटायला गेले, कारण काही झालं तरी पाळीवर असताना त्या काठ्या डोळ्यांत खुपत होत्याच. आत्याबाईंनी माझा हात धरला.

"आधी माणूस. काठ्या कुठं पळून जात नाहीत."

शेवटची काठी एका मोठ्या ओकाखाली होती. ती पुरती रोवलेलीही नव्हती, नुसतीच दगडाला टेकवून ठेवलेली. तिच्यापुढे फीत नव्हती, काही नव्हतं. चहूबाजूंना श्वासबिळं, प्रत्येकातून वाफ निघत होती आणि धुक्यात मिसळत होती. माझ्या अंगावर काटा आला तो थंडीनं नाही. तिथं थंडी नव्हतीच.

मी तोंडाशी हात धरून ओरडले, "मुन साहेब! ओ मुन साहेब!"

उत्तर आलं नाही. मी पुन्हा ओरडणार, तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ओरडू नकोस," त्या कुजबुजल्या. "ओरडलं की ते माणसाला आणखी आत घेतात. त्यांना वाटतं, शोधणारे आले."

"कोण घेतात... आत्याबाई?"

त्यांनी मला एका दगडावर बसवलं आणि त्याही बसल्या. मग त्या धुक्यात, अगदी हळू आवाजात, मला त्यांनी ती गोष्ट सांगितली. तोपर्यंत मला ती तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. आमच्या या जेजू बेटावर कुणाच्या घरात ती तुकड्यातुकड्यांनी माहीत नसते?

आत्याबाई लहान होत्या तेव्हाच्या हिवाळ्यात, समुद्रकाठापासून वर, डोंगराकडे, जो दिसेल तो शत्रू, असं सरकारनं जाहीर केलं होतं. सैनिकांनी डोंगरउतारावरची गावं जाळली. हानमोतही जाळलं. जी माणसं वाचली त्यांतली काही खाली समुद्रकाठी गेली, बाकीची या रानात शिरली. दगडांखाली एक गुहा होती, तिथं आत्याबाईंची आई, तान्हा भाऊ आणि गावातली बरीच मंडळी दाटीवाटीनं राहिली. सैनिक रस्त्यावर तळ ठोकून होते. चुलीचा धूर दिसला असता तर संपलंच होतं. पण श्वासबिळांतून एवढी वाफ निघायची की त्यात धूर ओळखू यायचा नाही. बिळांच्या उबेनं लेकरं गारठून मेली नाहीत. बर्फ वितळून पाणी मिळायचं. रानानं गावाला पोटात ठेवलं होतं.

"मग आईनं मला एका पहाटे खाली, समुद्रकाठी, मामाकडे धाडलं. बाप आणि थोरला भाऊ, तुझा सासरा, आधीच तिथं होते," आत्याबाई म्हणाल्या. "मी चालू शकत होते. भाऊ रडायचा, म्हणून ती त्याला घेऊन मागं राहिली. म्हणाली, बर्फ वितळला की आम्ही येतो."

"आणि?"

"बर्फ वितळला. खाली गेलेले सगळे परत आले आणि शोधायला लागले. गुहाच सापडली नाही, सूनबाई. सैनिकांनाही सापडली नव्हती. रक्त नाही, हाडं नाहीत, चिंधी नाही. अख्खं तोंडच मिटून गेलं."

त्यांनी तळवा खालच्या दगडावर ठेवला.

"परत आलेल्यांना डोक्यावर छप्पर नव्हतं. घरं बांधायला लाकूड हवं होतं, आणि रान हे असं उशाशी. पण माझ्या बापानं खालच्या बंदरावरून पाठीवर वाहून वासे आणले. सगळ्यांनी आणले. इथं एकानंही कुऱ्हाड लावली नाही. कुणी सांगितलं नव्हतं हो. ज्याचं त्याला कळलं होतं. ती फळी त्या वर्षापासून फिरतेय."

मला माझा तो हिशेब आठवला, आणि मी मान खाली घातली.

तेव्हाच मला वास आला. शिजलेल्या राळ्याचा, धुराचा, आणि ओल्या लोकरीसारखा... खूप माणसं खूप दिवस एका जागी कोंडून राहिली की येतो तसा. पिशवीतले गोळे थंडगार पडले होते. तो वास त्यांचा नव्हता.

आत्याबाईंनाही तो आला असणार. त्या उठल्या, सगळ्यांत मोठ्या बिळापाशी गुडघे टेकून बसल्या, आणि तोंड अगदी बिळाशी नेऊन जुन्या बोलीत, आता कुणी बोलत नाही त्या बोलीत, म्हणाल्या,

"आई, मी आहे. तुमच्याकडे एक माणूस आलाय का? तो त्यांच्यातला नाही. वाट चुकलाय बिचारा. त्याला सोड."

वाफ थांबली.

मला कसं सांगावं कळत नाही. बिळातून सतत वाफ येते, तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. ती थांबली तेव्हा कळलं की तिचा एक आवाज होता. त्या बिळाची थांबली, मग शेजारच्याची, मग आजूबाजूच्या सगळ्यांची. सबंध रानानं श्वास रोखून धरला होता. माझ्याही नकळत मी माझा रोखला. फांदीवरून बर्फ पडला नाही. पान हललं नाही. छातीत दुखायला लागलं, तरी मला श्वास सोडायचा धीर होईना. वाटलं, आता जो कुणी पहिला श्वास घेईल तो सापडेल...

आणि डाव्या हाताला कुणीतरी खोकलं.

मुन साहेब आमच्यापासून अगदी जवळ होते. ओकाची मुळं आणि एक मोठा दगड यांच्यामधल्या खोबणीत बसलेले. आम्ही येताना त्या खोबणीच्या शेजारून आलो होतो, मी शपथेवर सांगते, आणि तिथं कुणी नव्हतं. साहेबांचा कोट कोरडा होता. मी हात धरला तर तो गरम. पण त्यांचं बसणं... खोबणीत दोघं-तिघं ऐसपैस मावली असती. साहेब मात्र गुडघे छातीशी घेऊन, खांदे आवळून, गर्दीच्या गाडीत दोन्हीकडून चेपल्यासारखे बसले होते.

"साहेब, उठा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हळू," ते कुजबुजले. "बाळ आत्ताच झोपलंय."

आत्याबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणून हाक मारतात... त्या बाळाला?"

"ओकदोल," साहेब म्हणाले. "त्याची आई म्हणते, ओकदोल, नीज. चांगली आहेत हो माणसं, आजी. मला जागा करून दिली. काही विचारलं नाही. फक्त एवढंच विचारत होती, बर्फ वितळला का?"

आत्याबाईंच्या भावाचं नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. घरात ते कुणी घेत नसे. पण त्यांचा चेहरा पाहून मला विचारायची गरज उरली नाही.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं, अजून नाही."

"बरं केलंत," आत्याबाई म्हणाल्या. "बरं केलंत, बाळा." आणि त्यांनी त्या परक्या माणसाच्या डोक्यावरून हात फिरवला.

आम्ही दोघींनी त्यांना उठवलं. निघताना आत्याबाईंनी माझ्या पिशवीतले राळ्याचे गोळे काढून खोबणीत ठेवले, वर पान झाकलं, सातूचं पाणी दगडावर ओतलं. आम्ही ओकापासून दूर गेल्यावर मला मागं पुन्हा तो आवाज ऐकू आला. सगळी बिळं हळूहळू श्वास घ्यायला लागली होती. मी वळून पाहिलं नाही.

रस्त्यावर यजमान माणसं घेऊन पोचलेच होते. साहेबांना आमच्या घरी आणलं, गरम जमिनीवर निजवलं. त्यांना वाटत होतं आपण घटकाभर आत होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, रात्रभर उघड्यावर होते म्हणता, पण हातापायाला गारठ्याचा डागसुद्धा नाही. एकच गोष्ट झाली होती. साहेबांचा आवाज गेला होता. म्हणजे बोलायचे, पण कुजबुजून. जिन्होनं दार आपटलं तर दोन्ही हात वर करून त्याला थांबवायचे.

मग सभेचा दिवस आला. गावसभेची खोली खचाखच भरली होती. कंपनीनं भिंतीवर मोठे रंगीत नकाशे लावले होते. हिरवं मैदान, निळं पाणी. गावप्रमुख कांग म्हणाले, "मुन साहेबांना जे सांगायचंय ते सांगू द्या, मग आपण ठरवू."

साहेब उभे राहिले. एवढी शांतता झाली की शेगडीवरच्या किटलीचा आवाज ऐकू येत होता. साहेब कुजबुजले, "त्या जागेत लोक राहतात."

मागून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणतोय? ऐकू येत नाही!"

गावप्रमुखांनी शब्द मोठ्यानं म्हणून दाखवले. कुणी हसलं नाही. साहेबांनी भिंतीवरचे नकाशे एकेक करून काढले, गुंडाळले, आणि ते खाली बसले.

त्यानंतर जे झालं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. नुसतं 'विकायचं नाही' एवढ्यावर गाव थांबलं नाही. कुणीही कधीही तिथं झाड तोडणार नाही, दगड उचलणार नाही, पुढच्या पिढीलाही विकायचा हक्क राहणार नाही, असं गावानं स्वतःवर बंधन घालून घेतलं. सरकारनं मागितलं नव्हतं. कुणी बक्षीस देणार नव्हतं. उलट चालून आलेलं हातातून जात होतं. विकायच्या बाजूचे कितीतरी जण होते, आणि त्यांनाही पोरंबाळं होती, छपरं गळत होती. तरी हात वर झाले. आमच्या यजमानांचा उशिरा झाला, पण झाला. घरी येताना म्हणाले, "आत्याला सांगू नकोस, नाहीतर जन्मभर टोमणे मारेल."

"मी तिथंच बसले होते रे, संगू," मागून आत्याबाई म्हणाल्या.

त्या वसंतात मी माहेरी गेले तेव्हा समुद्रकाठच्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर आई भांडी घासत होती. मी विचारलं, "हे पाणी येतं कुठून गं?" ती म्हणाली, "वरून. तुमच्या रानाच्या भोकांतून पाऊस आत जातो, तो इथं निघतो. एवढंही माहीत नाही?" मी ते पाणी जन्मभर प्यायले होते. तेव्हापासून पाळीची फळी आमच्या दारावर येते तेव्हा मी ती दोन्ही हातांनी घेते.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. तुम्हीही निवांत झोपला असतात.

पण त्याच वसंतात, नेच्यांचे कोवळे कोंब खुडायचे दिवस होते, एका दुपारी मुन साहेबांची बायको आमच्या घरी आली. मुख्य भूमीवरची बाई, शहरातली, जेमतेम चाळिशीची. साहेबांनी नोकरी सोडली, ते बरे आहेत, असं म्हणाली. आत्याबाई होत्याच. मी चहा केला. लख्ख ऊन पडलं होतं. रस्त्याकडचं दार उघडं होतं, आणि रस्ता पार डोंगरापर्यंत रिकामा दिसत होता.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "ते हरवले त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला होता. कुणीतरी उचलला."

मी चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"बाई होती. हळू बोलत होती. मागं खूप माणसांचे श्वास ऐकू येत होते. ती जे बोलली ते मला कळलं नाही, तुमच्या बेटावरची जुनी बोली असावी. पण तिनं ते दोनदा म्हटलं, म्हणून माझ्या कानात राहिलं. यांना विचारलं तर ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. म्हणून तुम्हाला विचारायला आले."

आणि तिनं, अर्थ न कळता पाठ केलेले ते आवाज, एकेक करून म्हणून दाखवले.

मला ती बोली पुरती येत नाही. पण एवढी येते. ती बाई म्हणाली होती: तो आमच्यात आहे, घाबरू नकोस. पण तू येऊ नकोस, आणि कुणाला पाठवूही नकोस. ते अजून रस्त्यावर उभे आहेत.

मी तिला अर्थ सांगितला. तिनं पेला खाली ठेवला.

"ते म्हणजे... कोण?" तिनं विचारलं.

आत्याबाई हाताचा आधार घेऊन उठल्या, हळूहळू चालत गेल्या, आणि भर दुपारी त्यांनी रस्त्याकडचं दार लावून आडणा घातला.

मी उठून फटीतून बाहेर पाहिलं. रस्त्यावर ऊन होतं. माणूस नव्हतं, गाडी नव्हती, कुत्रं नव्हतं. फक्त समोरच्या दगडी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची घोडी उभी होती. कान मागं टाकून ती त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती, आणि नजर न हलवता एकेक पाऊल मागं सरकत होती.